नागपूरची उपनगरी रेल्वे, नवी स्थानके आणि एकच तिकीट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा, काटोल, रामटेक आणि भंडारा या चारही दिशांनी रोज नागपुरात अप-डाऊन करणाऱ्यांचे प्रश्न पुष्कळसे सारखेच असतात: गाडी आमच्याकडे का थांबत नाही, उतरल्यावर पुढे कसे जायचे आणि एकाच प्रवासाचे तीनदा पैसे का द्यायचे. मी स्वतः अनेक वर्षे बुटीबोरीहून असाच प्रवास केला आहे. त्या अनुभवाच्या आणि नियोजनाच्या अभ्यासाच्या आधारे ही उत्तरे लिहिली आहेत.

शहरात मेट्रो असताना उपनगरी रेल्वे वेगळी कशाला हवी?

दोन्हींचे काम वेगळे आहे. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक ही ऑरेंज मार्गिका आणि लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर ही ॲक्वा मार्गिका मिळून मेट्रोचा पहिला टप्पा सुमारे ३८ किलोमीटरचा आहे. त्याचा पहिला भाग मार्च २०१९ मध्ये सुरू झाला आणि उरलेल्या दोन भागांचे लोकार्पण ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. ४३.८ किलोमीटरच्या दुसऱ्या टप्प्यात ही मेट्रो बुटीबोरी, कन्हान, हिंगणा आणि ट्रान्सपोर्टनगरपर्यंत नेण्याची योजना आहे. त्यापलीकडे सिंदी, सेलू, वर्धा, कळमेश्वर, काटोल, नरखेड, रामटेक, भंडारा रोड ही गावे येतात. नुसते वर्धा रेल्वेने ७८ किलोमीटरच्या आसपास आहे. इतक्या अंतरावर खांब उभारून मेट्रो नेणे कोणत्याही तिजोरीला परवडणारे नाही, आणि तसे करण्याची गरजही नाही, कारण रूळ तेथे आधीपासून आहेत. नागपूरला रेल्वे १८६७ मध्येच आली. याच विचारातून २०१८ मध्ये महामेट्रो (नागपूर मेट्रो चालवणारी कंपनी) आणि रेल्वे यांच्यात सामंजस्य करार होऊन ‘ब्रॉडगेज मेट्रो’ची संकल्पना पुढे आली: रूळ रेल्वेचे, गाड्या मेट्रोच्या धर्तीच्या, आणि दिशा वर नमूद केलेल्या चार.

नवे स्थानक कोठे असावे, हे कशावरून ठरते?

सर्वसाधारण समज असा असतो की रुळाशेजारी मोकळी जागा दिसली की स्थानक बांधता येते. प्रत्यक्षात मोकळी जागा हा शेवटचा निकष आहे. पहिला प्रश्न असा विचारायला हवा की या ठिकाणापासून दहा मिनिटांच्या पायी अंतरात किती माणसे राहतात, किती कामाला येतात आणि रस्ता खरोखर पायी चालण्याजोगा आहे का. नकाशावर कंपास ठेवून ८०० मीटरचे वर्तुळ काढणे सोपे असते, पण त्या वर्तुळात नाला, भिंत घातलेला कारखाना किंवा ओलांडता न येणारा रूळ असेल तर ८०० मीटरचे दोन किलोमीटर होतात.

नागपुरातील दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. अजनी आणि खापरी यांच्या दरम्यान सोमलवाडा, मनीषनगर, बेसा असा दाट वस्तीचा पट्टा आहे, आणि तेथे थांबा असावा अशी मागणी ऐकू येते. मागणी समजण्याजोगी आहे, तरीही माझे मत तिच्या विरुद्ध आहे. तेथे वर्धा रोडने मेट्रो जवळजवळ समांतर धावते, त्यामुळे शहरात जाणाऱ्याला पर्याय उपलब्ध आहे, आणि वर्ध्याहून येणाऱ्या गाडीला मध्ये आणखी एक थांबा देण्यापेक्षा खापरीला रेल्वेतून मेट्रोत बदलण्याची सोय उत्तम करणे अधिक लोकांच्या उपयोगाचे आहे. याउलट इटारसीच्या मार्गावर, मानकापूर आणि झिंगाबाई टाकळीच्या बाजूला, मेट्रोच्या दोन्ही टप्प्यांपैकी एकही मार्गिका जात नाही. तेथे गोधनीच्या अलीकडे एक थांबा अभ्यासण्याजोगा आहे, कारण त्या वस्तीला दुसरी वेगवान सेवाच नाही.

यानंतर जागेची तांत्रिक तपासणी येते. स्थानकाच्या आवारात रुळाला चढ फारसा चालत नाही. भारतीय रेल्वेत ४०० ला १ पेक्षा तीव्र उतार साधारणतः मान्य होत नाही आणि १२०० ला १ इतका सौम्य उतार इष्ट मानला जातो, नाहीतर उभी गाडी किंवा डबा घरंगळण्याचा धोका राहतो. वळणावर फलाट असेल तर फलाट आणि डबा यांच्यात फट पडते. आठ डब्यांच्या गाडीसाठी सुमारे दोनशे मीटर लांबीचा सरळ, सपाट तुकडा लागतो. तो कोठे मिळतो यावर स्थानक शंभर-दोनशे मीटर इकडे-तिकडे सरकते, आणि दुर्दैवाने अनेकदा ते वस्तीकडे सरकण्याऐवजी वस्तीपासून दूर सरकते.

एक मिनिट थांबल्याने गाडीचे असे काय बिघडते?

गाडी थांबते एक मिनिट, पण तिचा वेळ जातो त्याहून अधिक. ताशी १०० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी वेग कमी करत थांबते आणि पुन्हा तोच वेग घेते. वेग कमी करताना आणि वाढवताना दर सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंद इतका फरक पडतो असे धरले, तर या दोन्हींत मिळून सुमारे ५६ सेकंद वाया जातात. त्यात ४५ सेकंदांचा थांबा मिळवला की एका स्थानकाची किंमत शंभर सेकंद होते.

आता समजा त्या गाडीत ४०० माणसे आधीच बसलेली आहेत. त्यांचा एकत्रित ४०,००० सेकंद, म्हणजे अकरा तासांहून थोडा अधिक वेळ गेला. नव्या थांब्यावर चढणाऱ्या प्रत्येकाची वीस मिनिटे वाचत असतील, तर हा तोटा भरून निघण्यासाठी त्या गाडीला तेथे निदान ३४ प्रवासी चढायला किंवा उतरायला हवेत. हा हिशोब ढोबळ आहे, परंतु तो मांडल्यावर चर्चा ‘आमच्या गावावर अन्याय’ या भाषेतून बाहेर पडते आणि ‘सकाळच्या दोन गाड्या थांबवा, दुपारच्या नको’ अशा व्यवहार्य मागणीपर्यंत येते. प्रत्येक गाडी प्रत्येक स्थानकावर थांबलीच पाहिजे असा नियम कोठेही नाही.

रूळ आहेत, तर जास्त गाड्या का सोडत नाहीत?

कारण ते रूळ एकट्या नागपूरकरांचे नाहीत. दिल्ली–चेन्नई आणि मुंबई–हावडा हे देशाचे दोन मोठे मार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात, आणि येथील प्रसिद्ध डायमंड क्रॉसिंग हे त्याचेच चिन्ह आहे. कोळशाच्या आणि इतर मालाच्या गाड्याही याच रुळांवरून जातात. जेथे दोन स्थानकांमधील संपूर्ण टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडण्याची पद्धत आहे, तेथे एक धिमी पॅसेंजर मागच्या दोन-तीन गाड्यांना अडकवून ठेवते. म्हणून तिसरी आणि चौथी मार्गिका, तसेच एकामागोमाग गाड्या सोडू देणारी स्वयंचलित सिग्नल यंत्रणा, या गोष्टी नव्या स्थानकांच्या आधी किंवा निदान बरोबर यायला हव्यात. तसे न झाल्यास स्थानक उभे राहील, पण तेथे दिवसाला चारच गाड्या थांबतील.

आणखी एक अडचण कमी जणांच्या लक्षात येते. वर्धा आणि नरखेडकडचे मार्ग मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाकडे आहेत, तर इतवारी, कामठी, रामटेक आणि भंडारा रोडची बाजू दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाकडे आहे. एकाचे मुख्यालय मुंबईत, दुसऱ्याचे बिलासपूरला. वर्ध्याहून थेट रामटेकपर्यंत जाणारी गाडी ही प्रवाशाच्या दृष्टीने एक गाडी असते, प्रशासनाच्या दृष्टीने मात्र तो दोन घरांचा करार असतो.

रेल्वे आणि मेट्रो स्थानके जोडलेली आहेत का?

जवळ असणे वेगळे आणि जोडलेले असणे वेगळे. अजनी रेल्वे स्थानक आणि काँग्रेसनगर मेट्रो स्थानक यांच्यातील अंतर पायी जाण्याइतके आहे, नागपूर रेल्वे स्थानकासाठी ॲक्वा मार्गिकेवर त्याच नावाचे मेट्रो स्थानक आहे, आणि खापरीला दोन्ही सेवांची स्थानके आहेत. कागदावर हे उत्तमच दिसते.

पण सकाळी पावणेनऊला अजनीच्या फलाटावर उतरणारी एक बाई डोळ्यांसमोर आणावी. सिंदीहून आलेली, एका हातात मेडिकलमधल्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या, रुग्णाचा डबा, दुसऱ्या हातात पाच वर्षांचे मूल. पुलाच्या पायऱ्या चढून, उतरून ती बाहेर येते, तेव्हा समोर ऑटोवाले ‘मेडिकल, मेडिकल’ म्हणून हाका मारत असतात. मेट्रोचा किंवा बसचा बाण तिला दिसेल अशा जागी असेल तरच ती त्या दिशेला वळेल, नाहीतर ती ऑटोतच बसेल, आणि तिचे गणित चुकले असे कोणालाही म्हणता येणार नाही.

नागपूरसाठी यात सावलीचा मुद्दा मी अगदी वरच्या क्रमांकावर ठेवतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा चारशे मीटरचा उघडा रस्ता हा चारशे मीटरचा राहत नाही. दोन स्थानकांमधील वाट पूर्ण आच्छादित असणे, वाटेत पिण्याचे पाणी असणे आणि कडेची झाडे राखणे ही शोभेची कामे नसून वाहतुकीची कामे आहेत, आणि त्यांचा खर्च स्थानकाच्या अंदाजपत्रकातच धरला पाहिजे. अजनी परिसरातील झाडांसाठी नागपूरकरांनी आवाज उठवला होता, ते कोणत्याही नव्या आराखड्याने विसरू नये.

लहान थांब्यावर किमान कोणत्या सोयी असाव्यात?

डब्याच्या पायरीशी जुळणारा उंच फलाट सर्वांत आधी हवा. रेल्वेच्या उंच फलाटाची उंची रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर असते, आणि जेथे फलाट जवळजवळ रुळाच्या पातळीवर आहे तेथे म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून वर ओढावे लागते. त्यानंतर छप्पर, दिवे, स्वच्छतागृह, आणि पायऱ्यांबरोबर उतरणीचा मार्ग. भव्य इमारत नसली तरी चालेल.

एकच कार्ड आले की भाडे एकत्र झाले, असे समजायचे का?

नाही, आणि या पानावरील सर्वांत महत्त्वाचे उत्तर हेच आहे. कार्ड एक होणे म्हणजे पैसे देण्याचे साधन एक होणे. भाडे एक होणे म्हणजे प्रवासाची किंमत एक होणे.

उदाहरणासाठी साधे दर धरू: प्रत्येक सेवेत बसल्याबरोबर दहा रुपये आणि पुढे दर किलोमीटरला एक रुपया. एक विद्यार्थी तीन किलोमीटर बसने, पंधरा किलोमीटर रेल्वेने आणि पाच किलोमीटर मेट्रोने जातो. वेगवेगळी तिकिटे काढल्यास त्याला १३, २५ आणि १५, असे ५३ रुपये पडतात. हेच २३ किलोमीटर एक प्रवास मानले तर दहा अधिक तेवीस, म्हणजे ३३ रुपये होतात. वरचे वीस रुपये त्याने अंतरासाठी दिलेले नाहीत, गाडी बदलण्याचा दंड म्हणून दिले आहेत. गाडी बदलणे ही प्रवाशाची हौस नसते. त्याच्या दारापासून कॉलेजपर्यंत थेट गाडी नाही म्हणून तो बदलतो, उन्हात थांबतो, वेळ घालवतो, आणि त्याबद्दल आपण त्याच्याकडून अधिक पैसे घेतो. महिन्याच्या पंचवीस दिवसांचे, जाऊन-येऊन, हे एक हजार रुपये होतात. एवढ्या फरकावर घरात दुचाकी घेण्याचा निर्णय होतो.

म्हणून नियम असा असावा: पहिल्या सेवेत बसताना मूळ भाडे एकदाच, पुढील नव्वद मिनिटांत दुसऱ्या सेवेत बसल्यास ते पुन्हा नाही, फक्त वाढलेल्या अंतराचे पैसे.

राष्ट्रीय कॉमन मोबिलिटी कार्ड नेमके कसे चालते?

मार्च २०१९ मध्ये देशपातळीवर आलेले हे कार्ड रुपेच्या तंत्रावर चालते. त्याच्या चिपमध्ये एक वेगळे पाकीट असते आणि त्यात दोन हजार रुपयांपर्यंत रक्कम ठेवता येते. फाटकावर कार्ड टेकवल्यावर बँकेशी संपर्क न साधता त्या पाकिटातूनच पैसे वळते होतात, म्हणून गर्दीच्या वेळीही फाटक चटकन उघडते. नागपूर मेट्रोचे महाकार्ड याच प्रकारातले आहे. तंत्राची अडचण मेट्रोत नाही, कारण तेथे आत जाताना आणि बाहेर पडताना फाटक असते. बुटीबोरी किंवा कळमेश्वरसारख्या रेल्वे स्थानकावर मात्र माणूस चार बाजूंनी आत येतो. तेथे फाटकांचा हट्ट न धरता फलाटावर कार्ड टेकवण्याचे खांब आणि गाडीत तपासनीस हीच पद्धत चालेल.

मग सुरुवात कार्डाने करावी की आणखी कशाने?

माझ्या मते सुरुवात महिन्याच्या एकत्रित पासाने करावी. अप-डाऊन करणारा माणूस मुळातच पासधारक असतो, आणि रेल्वेचा मासिक पास १५० किलोमीटरपर्यंत मिळतो. त्या पासावर ठरावीक जादा रक्कम घेऊन मेट्रो आणि ‘आपली बस’ ही शहर बससेवा यांचा प्रवास जोडून देणे, यासाठी नवे यंत्र लागत नाही. लागतो तो तीन संस्थांचा करार. माझ्या पाकिटात वर्षानुवर्षे रेल्वेचा पास प्लॅस्टिकच्या वेष्टनात, बसचा पास त्याच्या मागे आणि ऑटोसाठी सुटे वीस रुपये वेगळ्या कप्प्यात असत. एकदा उतरण्याच्या घाईत बसच्या वाहकाला मी रेल्वेचा पास दाखवला, आणि ते चालणार नाही म्हणून भर पावसात खाली उतरलो. नियमाने वाहकाचे बरोबर होते. तो नियमच बदलायला हवा, एवढेच मला म्हणायचे आहे.

गोळा झालेले पैसे तीन संस्थांमध्ये कसे वाटायचे?

ही सर्वांत कठीण गाठ आहे. अंतरानुसार वाटले तर लांब जाणाऱ्या रेल्वेला मोठा वाटा मिळतो आणि तीन किलोमीटर नेणारी बस उपाशी राहते, जरी तिच्यावाचून तो प्रवासी स्थानकापर्यंत पोहोचला नसता. चढलेल्या प्रवाशांच्या संख्येनुसार वाटले तर नेमका उलटा अन्याय होतो. म्हणून दोन्हींचे मिश्रण करावे: प्रत्येक सेवेला दर प्रवाशामागे ठरावीक रक्कम, आणि उरलेले अंतराच्या प्रमाणात. पहिल्या काही वर्षांत एकत्रित भाड्यामुळे कोणत्याही संस्थेचे उत्पन्न घटल्यास ती तूट कोण भरून देणार, हे करारातच लिहिलेले असावे. ते न लिहिल्यास पहिल्याच तोट्याला करार मोडतो.

भाडे ठरवण्याचा अधिकार कोणाला आहे?

तिघांना, आणि तीन वेगवेगळ्या कायद्यांखाली. रेल्वेचे दर १९८९ च्या रेल्वे अधिनियमाप्रमाणे केंद्र सरकार ठरवते. मेट्रोसाठी २००२ च्या मेट्रो रेल्वे अधिनियमात भाडे निश्चिती समितीची तरतूद आहे. बसभाडे मोटार वाहन अधिनियमाखाली राज्याच्या अखत्यारीत येते. त्यामुळे शहराच्या पातळीवर सर्वांना एकत्र बसवणारे एकीकृत महानगर परिवहन प्राधिकरण असावे, असे राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने २००६ मध्येच सुचवले, आणि २०१७ च्या मेट्रो धोरणाने त्याचा पुन्हा आग्रह धरला. अशा प्राधिकरणाच्या हाती वेळापत्रक आणि महसूल वाटपाचा अधिकार नसेल, तर त्याच्या बैठका होतील आणि इतिवृत्ते लिहिली जातील, याहून अधिक काही घडणार नाही.

सवलतींचे काय होणार?

एसटीमध्ये मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे, आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. रेल्वेने ज्येष्ठांची तिकीट सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली. एकत्रित तिकीट काढणाऱ्या महिलेला एसटीपेक्षा जास्त पैसे पडले, तर ती वेगवान गाडी सोडून एसटीनेच जाईल. म्हणून सवलत वाहनाला न जोडता व्यक्तीला जोडावी, आणि जे सरकार ती जाहीर करते त्याने तिची रक्कम सर्व सेवांना सारख्याच रीतीने भरून द्यावी.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन किंवा कार्ड नाही, त्यांनी काय करावे?

खिडकीवर रोख पैसे देऊन तेच एकत्रित तिकीट त्याच दरात मिळाले पाहिजे. यात तडजोड नको.

असे कोठे झाले आहे का?

जर्मनीतील हॅम्बुर्गने १९६५ मध्ये शहरातील निरनिराळ्या वाहतूक संस्थांना एका संघात आणले आणि त्यानंतर सामाईक भाडे सुरू केले, तेव्हा कार्ड, चिप यांपैकी काहीही नव्हते. होती ती कागदी तिकिटे आणि पैसे वाटून घेण्याचे सूत्र. आपल्याकडे मुंबईत ऑक्टोबर २०२५ मध्ये अकरा वाहतूक सेवांची तिकिटे एकाच ॲपवर आणणारे ‘मुंबई वन’ सुरू झाले. रांगा वाचवणारी ती चांगली सोय आहे, मात्र ते तिकिटांचे एकत्रीकरण आहे. भाड्याचे एकत्रीकरण ही त्यापुढची पायरी.

दीक्षाभूमीच्या गर्दीसारख्या दिवसांचा विचार स्थानकात होतो का?

व्हायलाच हवा. धम्मचक्र प्रवर्तन दिनी लाखो अनुयायी नागपुरात येतात, आणि त्यांपैकी अनेक जण अजनी आणि मुख्य स्थानकावर उतरतात. फलाटाची आणि पुलाची रुंदी रोजच्या गर्दीवर बेतली, तर अशा दिवशी ती जीवघेणी ठरू शकते. रुंद पूल नंतर बांधता येत नाही, म्हणून तो पहिल्याच आराखड्यात असावा.

सामान्य प्रवाशाने मागणी कशी मांडावी?

‘आमच्याकडे स्थानक द्या’ एवढ्या अर्जाने फारसे काही हलत नाही. माहिती अधिकार अधिनियम २००५ प्रमाणे दहा रुपयांचे शुल्क भरून शेजारच्या दोन स्थानकांवरील तिकीटविक्री आणि मासिक पासांची महिनावार संख्या मागावी. उत्तरासाठी सर्वसाधारण मुदत तीस दिवसांची आहे. त्याबरोबर आपल्या वस्तीतील पन्नास घरांच्या प्रवासाची साधी वही करावी: कोण, किती वाजता निघतो, कोठे जातो, किती वाहने बदलतो आणि प्रत्येक वाहनाला किती पैसे देतो. शेवटचा रकाना कोणी गाळू नये, कारण आपल्या रोजच्या ऑटोचे पैसे कोणत्याही कार्यालयाच्या नोंदीत नसतात.